मिस्त्रीणीनं ऐकलेलं शहर

मिस्त्रीणीला समुद्र बघायचा होता, आणि लग्न झाल्यापासून मिस्त्री तिला तो दाखवणार होता. पहिल्या वर्षी दुकान नवं होतं म्हणून राहिलं. मग मुलगी झाली म्हणून राहिलं. मग मुलीची शाळा, घराचं गळकं छप्पर, मिस्त्रीचा मोडलेला पाय, मुलीचं लग्न, अशी कारणं रांगेत उभीच होती, आणि प्रत्येक कारण खरं होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. शेवटी ती समुद्राच्या शहरात आली ती ॲम्ब्युलन्समधून. गाडीच्या काचा दुधी होत्या. समुद्र डाव्या हाताला गेला की उजव्या, हेसुद्धा तिला कळलं नाही, कारण तिचे दोन्ही हात मिस्त्रीच्या छातीवर होते.

मिस्त्री पंप दुरुस्त करायचा. विहिरीचे, इमारतींचे, कारखान्यांचे, कुठलेही पंप, आणि पंप नसेल त्या दिवशी गिरणी, मोटर, जे येईल ते. त्यांचं गाव डोंगरापलीकडे होतं, आणि तिथे त्याचं नाव होतं ते हातापेक्षा कानासाठी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं. मशीन उघडायच्या आधी.

पण निम्मं श्रेय मिस्त्रीणीचं होतं, आणि तो ते कबूल करायचा, चारचौघांत सुद्धा. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. फोन खिडकीत. मिस्त्री कायम कशाच्या तरी खाली पाठीवर पडलेला. मग फोन घ्यायची ती. पलीकडून गिऱ्हाईक म्हणायचं, "पंप आवाज करतोय हो." ती विचारायची, "कसा करतोय? काढून दाखवा." आधी लोक लाजायचे. मग घसा खाकरून फोनवर घरघरायचे, टकटकायचे, किंचाळायचे. ती ते नीट ऐकून घ्यायची आणि मिस्त्रीजवळ उकिडवी बसून जसंच्या तसं काढून दाखवायची. "खर्रऽऽ टक्. खर्रऽऽ टक्. आणि बंद करताना हुईऽऽ." खालून उत्तर यायचं, "बेअरिंग गेलंय. सांग, संध्याकाळी येतो." मिस्त्रीला कान आहे आणि मिस्त्रीणीला तोंड आहे, असं गावात म्हणायचे. त्यातला दुसरा अर्धा भाग टोमणा होता, पण तिनं तो कधी मनावर घेतला नाही.

असं तोंड असलेल्या बाईची ह्या शहरात वाचाच बसली होती.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. मिस्त्रीचं हृदय थकलं होतं. झडपा नीट मिटत नव्हत्या, छातीत पाणी भरत होतं, ऑपरेशन त्याला झेपण्यासारखं नव्हतं. "औषधांवर जितके दिवस निघतील तितके," डॉक्टर म्हणाले. चांगला माणूस होता. सांगताना त्यानं घड्याळाकडे बघितलं नाही. ती मान हलवत राहिली, आणि संध्याकाळी मिस्त्रीनं विचारलं तेव्हा बिनदिक्कत सांगून मोकळी झाली, "सुधारणा आहे म्हणाले. वेळ लागेल म्हणाले." मिस्त्री म्हणाला, "असं होय." आणि छताकडे बघत राहिला.

त्या वॉर्डात नातेवाइकांना संध्याकाळी तासभरच सोडायचे. उरलेल्या वेळाचं काय करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. इस्पितळाच्या मागे बाहेरगावच्या लोकांसाठी निवारा होता, लोखंडी खाटांची एक लांबलचक खोली, पण सकाळी झाडलोट झाली की सगळ्यांना बाहेर काढून तिला कुलूप लावत ते संध्याकाळपर्यंत. मग चाळीसएक माणसं फाटकाशी उभी राहायची आणि समोर ते शहर. चकचकीत, वाऱ्याचं, उतरत्या रस्त्यांचं, आणि अव्वाच्या सव्वा महाग. चहाच्या दुकानाबाहेर लावलेले भाव वाचूनच माणसाची तहान भागायची. खुर्चीवर टेकलात तर काहीतरी घ्यावं लागायचं, न घेता टेकलात तर पोऱ्या टेबल पुसायला यायचा, स्वच्छ असलेलं.

ह्या चाळीस माणसांचा धनी एकच, फुकटमामा. हा मूळचा पोस्टमन, निवृत्त. बहीण हाडांच्या वॉर्डात महिनोन्‌महिने पडलेली. दिवसभर चालायची सवय आणि खिशात काही नाही, ह्या दोन गोष्टींमुळे त्यानं शहर पालथं घातलं होतं, आणि फुकट काय काय मिळतं ते त्याला तोंडपाठ होतं. रोज सकाळी फाटकाशी उभा राहून तो आपल्या मंडळींना दिवस वाटून द्यायचा.

"आज मंगळवार. वस्तुसंग्रहालय सकाळी फुकट. पण जिना चढून वर जा, खाली गर्दी असते. कोर्टात जाऊन बसा, कोणी विचारत नाही, पंखा आहे, भांडणं आहेत. बागेत बँड दुपारनंतर. त्या मोठ्या दुकानाच्या लिफ्टनं थेट गच्चीवर जा, सगळं बंदर दिसतं, फक्त चेहरा खरेदी केल्यासारखा ठेवा." मग मिस्त्रीणीकडे वळून, "आणि ताई, समुद्र. सरळ उतारानं खाली. त्याला तिकीट लावायचं अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही."

मिस्त्रीण मान हलवायची, फाटकाबाहेर चार पावलं जायची, आणि बाकीचे वळणाआड गेले की परत फिरून इस्पितळाच्या तळघरात शिरायची.

तळघरात धुलाईखाना होता. चादरींच्या गाड्या ढकलत न्यायचा एक बोळ होता आणि बोळात एक बाक. धुलाईवाल्या बाईनं पहिल्या दिवशी विचारलं, "काय हवंय?" मिस्त्रीणीनं वर बोट दाखवलं. छताकडे. तीन मजले वर मिस्त्रीची खाट होती. तिनं जिन्याची वळणं मोजून हिशोब लावला होता की हा बाक बरोबर त्या खाटेखाली येतो. धुलाईवाली काय समजली कोण जाणे, पण नंतर तिनं विचारलं नाही.

मिस्त्रीणीच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती तिनं मुलीलाही सांगितली नव्हती. मुलगी दूर होती, बाळंतीण होती, रोज फोनवर रडत होती, तिला काय सांगणार? गोष्ट अशी की मिस्त्री जाईल तेव्हा आपण तिथे असायचं. हात धरता येणार नाही, नको. वर येऊ देणार नाहीत, नको. पण ह्याच छपराखाली असायचं. आपण कुठेतरी लाटा बघत बसलोय आणि इकडे तो एकटा गेला, हे तिला चालणार नव्हतं. म्हणून ती बसायची. दिवसभर. ओल्या चादरींच्या वासात, आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला.

पंचाईत एवढीच होती की मिस्त्री रोज संध्याकाळी विचारायचा, "आज काय पाहिलंस?"

कारण त्यानंच तिला बजावलं होतं. "आलोच आहोत तर बघून घे. मला खाटेला बांधलंय, तू का बांधून घेतेस?" मग ती फुकटमामाच्या मंडळींनी संध्याकाळी सांगितलेलं आपलं म्हणून मिस्त्रीला सांगायची. बागेतली कारंजी. वस्तुसंग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा. कोर्टात एका माणसानं स्वतःच्याच वकिलावर चप्पल उगारली ते. चप्पल तिनं इतकी रंगवून सांगितली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा नळी सांभाळत हसला. थापा मारणं तिला जमतंय असं दिसल्यावर तिला थोडी लाजही वाटली आणि थोडा धीरही आला.

मग एका संध्याकाळी मिस्त्री म्हणाला, "समुद्रावर गेलीस का?"

"गेले ना. सकाळीच."

"आवाज काढ."

ती गडबडली. "कसला?"

"समुद्राचा. कसा करतो? काढून दाखव."

तिनं डोळे मिटले, आणि दिवसभर जे कानात भरलं होतं तेच तोंडातून आलं. "झूऽऽप, घर्र. झूऽऽप, घर्र. ठक्. झूऽऽप..."

मिस्त्रीनं डोळे मिटून ऐकलं. शेजारचा म्हातारा आदरानं ऐकत होता, त्यालाही समुद्र माहीत नसावा.

"पुन्हा."

तिनं पुन्हा काढला.

मिस्त्रीनं डोळे उघडले. "अगं, हे धुलाईचं मशीन आहे," तो म्हणाला. "मोठा ड्रम. आडवा. मागचं बेअरिंग गेलंय त्याचं, आणि त्यांना अजून पत्ता नाही. तू दिवसभर तळघरात बसतेस काय?"

चोरी अशी पकडली जाईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती खाली बघत बसली. चादरीचा कोपरा मुडपत.

"कशाला?" तो म्हणाला.

"असंच."

"असंच कोणी तळघरात बसत नाही. उंदीर सुद्धा कामाला जातो."

"मला नाही जमत एकटीनं हिंडायला," ती म्हणाली. हे अर्धं खरं होतं. बाजारापलीकडे ती कधी एकटी गेली नव्हती, इथे तर रस्ता ओलांडताना तिची पाचावर धारण बसायची. "आणि मी तिकडे गेले आणि तुम्ही..."

ती थांबली. पण तोंडातून गेलेलं गेलं होतं.

"मी काय?" मिस्त्री म्हणाला. "सुधारणा आहे ना?"

तिला रडू फुटलं. मिस्त्रीनं वाट बघितली. मग हळू आवाजात, धाप लागत होती म्हणून तुकड्यातुकड्यानं, तो बोलला. "तो पोरगेला डॉक्टर आहे ना, त्याच्याकडून ती कानाला लावायची नळी मागून घेतली मी. दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, जरा ऐकू तर दे. स्वतःच्या छातीला लावली. अगं, तीस वर्षं पंप ऐकतोय मी. झडप बसत नाहीये. पाणी मागे येतंय. असा पंप गिऱ्हाइकानं आणला असता तर मी हात लावला नसता, म्हटलं असतं, चालतोय तोवर चालवा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

तास संपल्याची घंटा झाली. ती उठली तशी त्यानं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण धरलं.

"तू वर बस, खाली बस, बाहेर बस, मी काही त्यामुळे थांबणार नाही. तेवढं माझ्या हातात असतं तर मीच उठून गेलो नसतो का घरी? उद्या समुद्राचा आवाज घेऊन ये. खरा. नाहीतर येऊच नकोस."

असं तो तिला जन्मात बोलला नव्हता. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्याच्या आजारापेक्षाही त्या 'येऊ नकोस'चा तिला राग आला होता, आणि मरणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं ह्याचाही राग आला होता. सकाळी फुकटमामा फाटकाशी आपलं वाटप करत होता, त्याच्या पुढ्यात जाऊन ती उभी राहिली.

"समुद्र कुठे?"

"सरळ उतारानं खाली, ताई. चुकणारच नाही. मी येऊ का?"

"नको," ती म्हणाली. मग रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिली. गाड्या संपेनात. शेवटी एक आंधळा माणूस काठी टेकत रस्ता ओलांडायला निघाला, त्याच्या मागोमाग ती गेली.

समुद्र तिनं पाहिला. काय वाटलं ते नंतर तिला नीट सांगता आलं नाही. केवढा तरी होता, एवढंच. ती तिथे बघायला आलीच नव्हती, ती ऐकायला आली होती, आणि ऐकू येत होत्या गाड्या, वारा, फुगेवाल्याची पिपाणी. समुद्र आपला नुसताच हलत होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हातानं जायचं? मग ती धक्क्याच्या पायऱ्या उतरून अगदी खाली गेली, शेवाळावरून, भिंतीला धरून. तिथे दगडांखाली एक पोकळी होती. लाट आली की पाणी आत कोंडायचं, गुळ्ळूप, आणि मग ओढून बाहेर यायचं, हुस्सऽऽ, आणि दोन्हींच्या मधे एक क्षण काहीच नाही. तिनं ते धरलं. मोठ्यानं काढून बघितलं. परत परत. वरच्या बाकावर एक जोडपं गुलुगुलु बोलत बसलं होतं, ते हळूच उठून पलीकडच्या बाकावर गेलं.

संध्याकाळी तिनं तो आवाज मिस्त्रीच्या कानाशी काढला. त्यानं डोळे मिटले होते. मधला रिकामा क्षण आला तेव्हा त्याच्या भुवया उचलल्या गेल्या.

"पुन्हा."

चार वेळा त्यानं ऐकला. मग म्हणाला, "झडप बघ कशी बसते." आणि थोड्या वेळानं, "चांगला पंप आहे." त्याला हसायचं होतं, पण खोकला आला, आणि सिस्टर धावत आल्या.

त्यानंतर रोजचा नेमच झाला. सकाळी फुकटमामा जे सांगेल तिकडे ती जायची आणि संध्याकाळी एक आवाज घेऊन यायची. वस्तुसंग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर लाकडी जमीन कुरकुरायची, आणि रखवालदार मुद्दाम कुरकुर न होणाऱ्या फळ्यांवरून चालायचा, मग ऐकू यायचा तो फक्त त्याच्या गुडघ्यांचा आवाज. मोठ्या दुकानातल्या लिफ्टला तिसऱ्या मजल्यावर उचकी लागायची. मिस्त्री म्हणाला, "दोर ताणलाय. पुन्हा तिच्यात बसू नकोस." बागेतल्या बँडमध्ये एक ढोलवाला होता, तो दर वेळी जरासा उशिरा वाजवायचा आणि मग पुढच्या ठोक्याला घाईघाईनं गाठायला बघायचा. तिनं तो ढोलवाला काढून दाखवला तेव्हा अख्खा वॉर्ड ऐकत होता. शेजारचा म्हातारा म्हणाला, "आमच्यासाठी पण आणत जा काहीतरी."

हे सगळं मजेचं वाटेल. तसं ते नव्हतं. ती चालायची तेव्हा प्रत्येक पावलाला तिचा जीव टांगणीला असायचा. कोणी मागून "बाई" अशी हाक मारली तरी वाटायचं, इस्पितळाचाच माणूस. मोबाइल ती मुठीतच धरायची. आणि मिस्त्री रोज थोडा थोडा कमी होत होता. आधी वाक्यं गेली. मग शब्द गेले. मग तो फक्त बोट उचलायचा, एक बोट, म्हणजे पुन्हा. पायांवर सूज चढली. ती आवाज काढता काढता त्याचे पाय दाबायची आणि बोटांच्या खुणा तिथेच राहायच्या.

एकदा तिच्या लक्षात आलं की आज आपण रस्ता ओलांडताना थांबलो नाही. भीती वाटायची राहूनच गेली होती. आणि कळल्याबरोबर ती तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहिली, कारण तिला मिस्त्रीचा डाव कळला. समुद्र, लिफ्ट, ढोल, ह्यातलं त्याला काहीही नको होतं. तो तिला तयार करत होता. घरी एकटीनं परतायला, दुकान बंद करायला, बँकेत जायला, एकटीनं जेवायला. शिकाऊ माणसाला हळूहळू सोपवावं तसं तो तिला तिचं पुढचं आयुष्य सोपवत होता, आणि ती वेडी रोज शाबासकी घेत होती.

त्या संध्याकाळी तिनं आवाज काढला नाही. "मला कळलंय तुम्ही काय करताय," ती म्हणाली. "मला नाही शिकायचं."

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं. बऱ्याच खटपटीनं त्यानं दोन शब्द काढले. "फिरता पूल."

फिरत्या पुलाबद्दल फुकटमामानंच त्याला सांगितलं होतं. मामा एकदा तिच्याबरोबर वॉर्डात आला होता. बंदराच्या तोंडावर लोखंडी पूल आहे. दुपारी बाराचा भोंगा झाला की मोठ्या जहाजाला वाट द्यायला तो मधल्या खांबावर आडवा फिरतो, माणसं दोन्ही काठांवर थांबून बघतात. अर्थात फुकट. तेव्हापासून मिस्त्रीच्या डोक्यात त्या पुलाखालचं दातेरी चाक बसलं होतं. एवढा पूल फिरवणारे दात कसे बोलत असतील?

"उद्या नको," ती म्हणाली. "तुमचे पाय गार लागतायत. उद्या मी इथेच फाटकाशी बसते. परवा जाईन."

मिस्त्रीनं बोट उचलून दाराकडे दाखवलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं बोट खाली घेतलं नाही. हात थरथरायला लागला तरी घेतलं नाही. मग तिलाच ते बघवेना.

"बरं, जाते. जाते, म्हटलं ना. हात खाली घ्या."

दुसऱ्या दिवशी ती गेली. कोणाला न विचारता गेली, दोन चौक आणि एक बोगदा ओलांडून. पुलाजवळ गर्दी होती. ती कठड्याला अगदी चिकटून उभी राहिली, जिथून मधला खांब आणि त्याचं दातेरी चाक दिसत होतं. भोंगा झाला. फाटकं पडली, घंटी वाजली, आणि पूल हलणार एवढ्यात एक गुबगुबीत गृहस्थ, सूट घातलेला, हातात भलामोठा फुलांचा गुच्छ, फाटकाखालून वाकून पुलावर पळाला. पलीकडच्या काठावर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती, तिच्यासाठीच ते सगळं असणार. चाक बोललं. कर्रऽ कट्, कर्रऽ कट्, आणि त्याखाली एक लांब, जाड हुंकार. गृहस्थ मध्यावर पोचला तेव्हा पूल काठापासून सुटला होता. तो थांबला. पूल त्याला घेऊन हळूहळू समुद्राकडे निघाला. वरच्या केबिनमधला माणूस कर्ण्यातून ओरडत होता, पण जहाज आलं होतं, आता पूल थांबणार नव्हता.

पलीकडून ती बाई ओरडली, "अहो, कुठे निघालात?"

गृहस्थ गुच्छ वर धरून ओरडला, "मी कुठे निघालोय? हा निघालाय!"

दोन्ही काठ हसले. मिस्त्रीणही हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात सुटला. पोट धरून हसली, कठड्यावर वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर हात टाकून. कितीतरी दिवसांत तिच्या छातीत एवढी हवा गेली नव्हती. त्या वेळात तिला मिस्त्रीची आठवणही नव्हती. मुठीतला मोबाइल तिनं केव्हा पिशवीत टाकला तेही तिला माहीत नव्हतं.

मग आठवण झाली, ती आनंदानंच झाली. हे त्यांना सांगायचं. सगळं. चाक, घंटी, कर्णा, तो गृहस्थ, ती बाई. वाटेत ती सगळे आवाज एकामागून एक काढत आली. गृहस्थाचा आवाज जरा चिरका हवा, बाईचा भारदस्त. बोगद्यात ते छान घुमले.

फाटकाशी फुकटमामा उभा होता. ह्या वेळी तो कधी इथे नसायचा. तो नुसता तिच्याबरोबर आत चालायला लागला, आणि दारावरच्या माणसानं दोघांना थांबवलं नाही, तेव्हा तिला कळलं.

सिस्टर वॉर्डाच्या दारात आल्या. "सकाळपासूनच बिघडलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला फोन लावत होते. त्यांनी माझा हात धरला. नको म्हणाले. दोनदा नको म्हणाले."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

सिस्टरांनी खाली बघितलं.

"केव्हा?"

"बाराचा भोंगा झाला ना, तेव्हाच."

मिस्त्रीण आत गेली. खाटेभोवती पडदा ओढला होता. मिस्त्रीच्या नळ्या काढल्या होत्या, तोंड नीट मिटलेलं होतं, आणि चेहऱ्यावर काम संपवून हात धुतल्यासारखं काहीतरी होतं. ते बघून तिचा भडका उडाला. तिनं दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरली आणि ती भांडायला लागली. मोठ्यानं. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"जिंकलात ना? झालं ना तुमच्या मनासारखं? मी काय मागितलं होतं? सोबत नको, हात नको, नुसतं खाली बसू द्या म्हटलं होतं. तेवढंही दिलं नाहीत. फोन करू दिला नाहीत. आणि मी तिकडे हसत होते हो! तुम्ही जात होता आणि मी हसत होते. कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून! आता हे मी कुठे ठेवू? सांगा ना, कुठे ठेवू?"

सिस्टर पडद्याशी आल्या, पण फुकटमामानं त्यांना हातानं थांबवलं.

"का हसले ते ऐकायचंय? ऐका," ती म्हणाली. आणि तिनं त्याला पूल सांगितला. रागानं, दांडी हलवत, पण काही न गाळता. भोंगा काढला. घंटी काढली. चाकाचे दात काढले, कर्रऽ कट्, कर्रऽ कट्, आणि खालचा तो जाड हुंकार. गृहस्थ कसा वाकला ते वाकून दाखवलं. बाईचा भारदस्त आवाज काढला, "अहो, कुठे निघालात?" मग गृहस्थाचा चिरका, "मी कुठे निघालोय? हा निघालाय!"

तिनं सगळं अगदी बरोबर काढलं होतं. पडद्यापलीकडे अख्खा वॉर्ड जागा होता. कोणी हसलं नाही.